तुमची शेड माझ्याकडे आहे

बाई, काल आपल्या बेदाणा संशोधन केंद्रात तुमची शोकसभा झाली आणि सबंध सभेत एकदाही कुणाचं कुणाशी वाजलं नाही. जो उठला तो आधीच्याला दुजोरा देऊन बसला. थोरात सर म्हणाले, लिमये मॅडम फार मोठ्या मनाच्या होत्या. मग सगळेच म्हणाले, मोठ्या मनाच्या होत्या. खोली तीच, डुगडुगणारं टेबल तेच, चहाही आपल्या मदतनीस अन्वरनंच केलेला. त्याच टेबलाभोवती बसून आपण दर शनिवारी एकमेकांचं म्हणणं खोडून काढत आलो. काल तिथे नुसतं एकमत. तुम्हाला करमलं नसतं.

मला सारखं वाटत होतं, आता खिडकीजवळच्या खुर्चीतून "आणि?" ऐकू येईल.

तुमच्या त्या "आणि?"ला नवीन माणूस घाबरायचा. कुणी आपलं म्हणणं मांडून थांबला की तुम्ही चष्मा काढायचात, पदराला पुसायचात आणि तेवढं एकच विचारायचात. त्यात टोमणा नसायचा. तुम्हाला खरोखर पुढचं ऐकायचं असायचं. समोरच्याकडे पुढचं काही नसायचं, आणि ते त्याला स्वतःला तेव्हाच पहिल्यांदा कळायचं.

माझी बोलायची पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो, "बाईंनी मला" एवढं म्हणालो आणि खाली बसलो. म्हणून हे लिहितोय. दुसरंही कारण आहे. सांगलीच्या दवाखान्यात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होतात आणि त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलंय. ते शेवटी देतो. आधी थोडं मागचं बोलू द्या.

केंद्रात आलो त्या पहिल्याच दिवशी मी तुम्हाला "बाई" म्हणालो. रहिमतपूरच्या शाळेत शिकवणारी प्रत्येक स्त्री आम्हाला बाईच. तुम्ही कागदांतून मान वर केलीत.

"मी काय शाळेत शिकवते का तुम्हाला? इथे सगळे मॅडम म्हणतात."

"न्हाई… नाही, बाई."

"बघा, परत."

"सवय हाय, बाई."

तुम्ही हसलात. "बरं, बाई तर बाई. पण मग शाळेसारखं बोट वर करून थांबायचं नाही. पटलं नाही तर मध्येच बोलायचं."

हे तुम्ही किती सहज म्हणालात! तुमचं माहेर वाईचं, घरात दोन पिढ्या शिकलेल्या, जेवताना बापाशी वाद घालत वाढलेल्या तुम्ही. आमच्या घरी पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. आमच्याकडे थोरल्या माणसाचं पटलं नाही की गप्प बसायचं, फार तर उठून गोठ्याकडे जायचं. कॉलेजातही तेच केलं, फक्त तिथे गोठा नव्हता. तेव्हा केंद्रातल्या शनिवारच्या चहाला मी कितीतरी आठवडे मान डोलावत बसलो. नोकरी तात्पुरती होती, हंगामापुरती. हंगाम संपला की थोरात सर शेरा लिहायचे आणि त्यावर पुढचं ठरायचं. माझ्या वडिलांनी, आबांनी, गावात सांगून ठेवलं होतं की पोरगं शास्त्रज्ञ झालंय. मान डोलावण्यात धोका नव्हता.

वाचणाऱ्या परक्या माणसासाठी दोन ओळी सांगतो, तुम्ही कंटाळू नका. तासगाव भागात तेव्हा बेदाण्यानं जोर धरला होता. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळीच्या रॅकवर पसरायचे आणि सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यायचे. ऐकायला सोपं. पण तोच माल एका शेडमध्ये हिरवागार निघायचा, शेजारच्या शेडमध्ये तांबूस आणि तिसरीकडे बुरशीनं जायचा. असं का होतं, हे शोधणं आपल्या केंद्राचं काम. शेडला वर छप्पर हवं आणि चारी बाजू मोकळ्या हव्यात, वारा कुठेही अडता कामा नये, हे तुमचं म्हणणं. ते तुम्ही गावोगाव सांगितलं होतं. तुमच्या शब्दावर लोकांनी शेडच्या भिंती पाडल्या होत्या.

आणि एका शनिवारी तुम्ही बोलता बोलता थांबलात.

"संपत, तुला पटलेलं नाही."

"पटलं की बाई."

"मान हो म्हणतेय आणि टेबलाखाली पाय थयथय नाचतोय. सगळा चहा हिंदकळतोय माझा. बोल."

मी थोरात सरांकडे बघितलं. ते आमचे प्रमुख. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

"गप्प राहिलास तर तुझं मत कुणाच्या कामाचं?" तुम्ही म्हणालात. "माझ्या नाही, तुझ्या नाही, द्राक्षाच्याही नाही."

मग मी बोललो, आणि बोलताना शहरी भाषा कुठल्या कुठे गेली. "बाई, मावळतीकडच्या रॅकवरचा माल तांबडा पडतोय. दुपारनंतर ऊन तिरकं आत शिरतंय. वर छप्पर हाय, पर त्या बाजूनं काय न्हाई. तिथं सावलीला हिरवी जाळी सोडाय पायजे."

थोरात सरांनी कप खाली ठेवला. तुमच्या मोकळ्या शेडवर कुणी कापड टाकायला निघालंय, असं ते होतं.

"वाऱ्याचं काय?"

"अडंल थोडा."

"थोडा म्हणजे?"

मला सांगता येईना.

"आणि?"

थोरात सर मध्ये पडले. "जाऊ द्या, मॅडम. पोरगं नवीन आहे."

"जाऊ कशाला द्यायचं? त्याचं बरोबर असलं तर?" तुम्ही कप बाजूला सारलात. "दोन शेड आहेत आपल्याकडे. एक माझ्या पद्धतीनं चालेल, एक तुझ्या. तुझी मी सांभाळणार, माझी तू."

मला वाटलं चेष्टा चाललीय. बाहेर आल्यावर अन्वर म्हणाला, "भाऊ, चेष्टा न्हाई ही. मॅडमच्यात असंच असतंय. अदलाबदल. थोरात सरांनी बी केलीय एकदा. हंगामभर तोंड पाडून हिंडत होते, पर केली."

माझ्या डोक्यात मतभेद मिटवायचे दोनच मार्ग होते. गावात ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं, आणि ऑफिसात ज्याची खुर्ची मोठी त्याचं. वाद घालणाऱ्या दोघांनी एकमेकांचं लेकरू मांडीवर घ्यायचं, ही रीत मी कुठे पाहिली नव्हती, आणि त्यानंतरही कुठे पाहिली नाही. तुम्हाला ती कुठे सापडली, हे विचारायचं मनात होतं. रोज उद्यावर टाकलं.

नियम तुम्ही तोंडीच सांगितलेत. ज्याची पद्धत आहे त्यानं ती दुसऱ्याला अशी समजावायची की त्याला काही विचारायचं उरू नये. दुसऱ्यानं ती जशीच्या तशी करायची. आपल्या मनाची भर घालायची नाही, चालढकल करायची नाही. आणि शनिवारी, आपल्या हातात जी शेड आहे तिच्या बाजूनं बोलायचं.

मग शेडच्या कडेच्या कडुलिंबाखाली तुम्ही मला घेऊन बसलात. जाळी जमिनीपर्यंत सोडायची की वर ठेवायची? दिवस मावळल्यावर काय? गुंडाळायची तर कशानं बांधायची, सुतळीनं की तारेनं? वाऱ्यानं फडफडून रॅकवर आपटली तर मणी गळतील, त्याचं काय? मी आधी बिचकत उत्तरं देत होतो, कारण मला तो खटला वाटत होता. हळूहळू लक्षात आलं की तुम्ही मला कुठेच पकडत नव्हता. उद्या ज्याला ते काम हातानं करायचंय त्याच्यासारखं विचारत होता. सकाळी माझ्याकडे नुसती एक कुरकुर होती. ऊन कलेपर्यंत तिची पद्धत झाली होती, आणि ती माझ्या प्रतिस्पर्ध्यानं करून दिली होती. मी घरी जाताना सायकल हातात धरूनच चालत गेलो. चढायचं सुचलंच नाही.

तुम्ही माधवनगरहून सकाळच्या एस.टी.नं यायचात. फाट्यावर उतरून माळावरून चालत. एरवी आल्या आल्या तुम्ही चहा मागायचात. त्या हंगामात तुम्ही पिशवी खांद्यालाच ठेवून थेट शेडकडे जायचात, आणि मला ऐकू यायचं, "अन्वर, माझी जाळी उतरवली का?" माझी! ती जाळी शेडला नको म्हणून तुम्ही गावोगाव बोलला होता, आणि आता ती नीट ताणली नाही म्हणून अन्वरला रागावत होता.

बेदाणा निवडायला येणाऱ्या बायकांना याचा काही उलगडा होईना. त्यांच्यात हौसाबाई सगळ्यांत फटकळ. एकदा आपण दोघं समोरून येताना बघून ती बाकीच्यांना मोठ्यानं म्हणाली, "ह्येंचं भांडान हाय म्हंत्यात, आन् एकमेकांची पोरं सांभाळत्यात! आमच्या जावंला दावा गं कुणीतरी!"

सगळ्या हसल्या. तुम्ही थांबलात. "हौसाबाई, जावेची पोरं सांभाळून बघितलीत का कधी?"

"का सांभाळू? तिची वंगाळ हायती."

"मग सांभाळून बघा. कशानं वंगाळ झाली ते कळेल."

"आवं बाई, तेवढं मातूर सांगू नगासा."

मी तुमच्या शेडमध्ये उभा होतो तेव्हा काय शिकलो, हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आता सांगतो. रॅकच्या खांबांना तुम्ही जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या. मी आल्यापासून त्या बघत होतो आणि मला वाटायचं, पाखरं हुसकायला असतील. तुमची शेड हातात आल्यावर कळलं की त्या वाऱ्यासाठी होत्या. कुठली चिंधी हलते, कुठली लोंबते, कुठे वारा आत येऊन कोपऱ्यात नुसता फिरत राहतो. दुपारी चार वाजता मावळतीचा वारा सुटला की एका टोकापासून चिंध्या उठायला लागायच्या, रांगेनं, जसं वर्गात गुरुजी आल्यावर पोरं उठतात. त्या वाऱ्यात घडांवरचं पाणी आटताना दिसतं, असं मला वाटायचं. ते दिसत नाही, मला माहीत आहे. पण वाटायचं. तोवर मी फक्त उन्हाकडे बघत होतो. तुम्ही इतकी वर्षं वाऱ्याच्या बाजूनं का बोलत होता, ते तुमच्या जागी उभं राहिल्यावर समजलं, आणि एका शनिवारी मी तुमच्या मोकळ्या शेडची बाजू एवढी तावातावानं मांडली की थोरात सर म्हणाले, "अरे, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"ज्या शेडमध्ये आहे त्या बाजूचा," मी म्हणालो. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघत होता, पण हसलात.

आणि मग तो ढगाळ दिवस.

माल अर्धा वाळला होता. सकाळपासून आभाळ भरून आलं, वारा पडला, चिंध्या सरळ खाली लोंबायला लागल्या. द्राक्षबागेच्या मुलखात असं आभाळ आलं की माणसं बोलायचं बंद करतात. मोकळ्या शेडला त्यातल्या त्यात धोका कमी. जाळीच्या शेडला जास्त, कारण जी काही झुळूक येईल ती जाळीवरच अडणार. दिवसभर असंच राहिलं तर आत बुरशी धरणार, हे अन्वरलाही कळत होतं. आणि मी सांगितलेल्या पद्धतीत एवढंच होतं: दिवसा जाळी खाली, मावळल्यावर वर. ढगाचं मी काही सांगितलंच नव्हतं. सुचलंच नव्हतं मला.

तुम्हाला फक्त नियम पाळायचा होता. सांगितलं तसं करायचं आणि जाळी खाली ठेवायची. माझी शेड माझ्याच पद्धतीनं गेली असती, तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि कुणी तुम्हाला एक शब्द बोललं नसतं. मी तुमच्या शेडमध्ये उभा राहून हेच बघत होतो. शेरा, हंगाम, आबांनी गावात सांगून ठेवलेलं, सगळं त्या हिरव्या जाळीला लटकलं होतं.

तेवढ्यात तुम्ही दोन शेडच्या मधल्या, सांडपाण्यानं झालेल्या चिखलातून येताना दिसलात. निऱ्या एका हातात धरलेल्या, चपलेला चिखल.

"संपत, ढगाचं काय करायचं ते तू सांगितलं नाहीस."

मी नुसता बघत राहिलो.

"बघतोस काय? शेड तुझ्या पद्धतीची आहे, मी माझ्या मनानं काही करणार नाही. जाळी उन्हासाठी आहे ना? आज ऊन आहे का? तुझी पद्धत काय म्हणते? सांग लवकर."

"वर… वर करायची, बाई."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आणि ऊन आलं तर?"

"परत सोडायची. तिथंच थांबाय लागंल कुणीतरी."

"थांबते मी." आणि तुम्ही वळून ओरडलात, "अन्वर, जाळी वर! ढगात जाळी वर, ही आपली पद्धत आहे!"

आपली.

तुम्ही त्या दिवशी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाहीत. ऊन डोकावलं की जाळी खाली, झाकोळलं की वर. मी तुमच्या शेडमधून तुम्हाला बघत होतो. पदर खोचलेला, केस सुटलेले, जाळीची दोरी तळहाताभोवती गुंडाळलेली. बाई, मी पुढे मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकली. सत्य, विज्ञान, निष्ठा हे शब्द ऐकले की माझ्या डोळ्यांपुढे कुठलंही पुस्तक येत नाही. स्वतःला न पटलेल्या गोष्टीची दोरी हातात धरून ढगाकडे बघत उभ्या असलेल्या तुम्ही येता.

माल निघाला तेव्हा दोन्ही शेडचं खरं ठरलं, म्हणजे दोन्ही शेडचं थोडं चुकलं. तुमच्या मोकळ्या शेडमधला बेदाणा लवकर वाळला, पण मावळतीकडच्या कडेला तांबूस पडलाच. जाळीतला थोडा मागून वाळला, पण कडेपासून कडेपर्यंत हिरवा. मग आपण ठरवलं की जाळी फक्त मावळतीकडे, फक्त दुपारच्या उन्हापुरती, आणि बाकी तिन्ही बाजू तुमच्या, मोकळ्या.

बागायतदारांच्या मेळाव्यात हे सांगायचं होतं. अदलाबदलीच्या रीतीनं मोकळ्या शेडवर मी बोलायचं होतं आणि जाळीवर तुम्ही. आबा खास रहिमतपूरहून तासगावला आले होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, मंडपात सगळ्यांत मागे, खुर्चीत ताठ बसलेला. तुम्ही जाळीबद्दल बोलायला लागलात आणि मी थक्क होऊन ऐकत राहिलो. माझं म्हणणं मला इतकं चांगलं कधी मांडता आलं नसतं. माझ्या लक्षात न आलेले त्यातले फायदे तुम्ही सांगितलेत. त्यातले तोटेही लपवले नाहीत, कारण ते तुम्ही हातानं निस्तरले होते.

मध्येच एक जण उठला. "बाई, इचारतो, राग मानू नगा. मागल्या साली तुमीच म्हनला हुता, वाऱ्याला काय आडवं यीऊ द्यायचं न्हाई. आमी भित पाडली की तुमच्या शब्दावर!"

मंडपात खसखस पिकली. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत लावलात.

"भिंत पाडली ते बरोबरच केलंत, ती परत बांधू नका. पण मावळतीच्या उन्हाचं मी चुकीचं सांगितलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते ह्या संपतच्या लक्षात आलं." आणि तुम्ही हात करून मला दाखवलंत. "उभा राहा रे."

मी उभा राहिलो. मागे बघायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी मी आबांना एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागल्यावर पायरीवर एक पाय ठेवून म्हणाले, "फौजेत आक्की जवानी काढली. सायब चुकला असंल, पर सायबानं तसं म्हनल्यालं कवा ऐकलं न्हाई. आन् ही बाई लोकांम्होरं म्हनली." मग दुसरा पाय वर घेतला. "पगार कमी दिला तरी चालंल. हितनं हलू नगंस."

मी हललो नाही. थोरात सरांनी शेरा चांगला लिहिला, नंतर नोकरीही कायम झाली. पण मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कृतज्ञतेनं काहीतरी बोलायला आलो तेव्हा तुम्ही मला मध्येच तोडलंत. "आभार नकोत. आणि एक लक्षात ठेव, मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या साली वारा कमी राहिला तर तुझी जाळी मी काढायला लावीन." मी म्हणालो, "आणि?" तुम्ही डोळे मोठे केलेत, मग इतक्या हसलात की ठसका लागला. तुम्हाला तो प्रश्न उलट विचारायचं धाडस मी त्या एकदाच केलं.

त्यानंतर आपण कितीदा अदलाबदल केली. घड बुडवायच्या पाण्यावरून, रॅकमधल्या अंतरावरून, माल कधी उतरवायचा यावरून. काही वेळा तुम्ही जिंकलात, काही वेळा मी, आणि पुष्कळदा ते कळलंच नाही, कारण हंगाम संपेपर्यंत मी तुमच्या बाजूचा झालेलो असायचो आणि तुम्ही माझ्या, आणि भांडण तसंच राहायचं, फक्त माणसं उलटी. या वर्षीचं मात्र सोपं नव्हतं. गंधकाच्या धुरीचं.

मी म्हणत होतो, व्यापाऱ्याला पिवळाधमक बेदाणा हवा आहे, गंधकाची धुरी दिल्याशिवाय तो रंग येत नाही, तर ती नीट कशी द्यायची ते आपण तरी सांगू. तुम्ही म्हणत होता, माणसाच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूला रंगासाठी धूर कशाला, हिरवा आहे तो हिरवाच विकायला शिकवा. त्या शनिवारी आपण दोघं खरोखर चिडलो होतो. तुम्ही म्हणालात, "तू व्यापाऱ्याचा वकील झालायस." मी म्हणालो, "तुमाला बाजारात माल न्यावा लागत न्हाई, बाई." अन्वर कप उचलायलासुद्धा आत आला नाही. मग तुम्ही म्हणालात, "अदलाबदल. धुरी मी देणार. तू विनाधुरीचा माल काढून विकून दाखवायचा."

तुम्हाला धुराचा त्रास व्हायचा. चुलीजवळसुद्धा तुम्ही थांबत नव्हता. तरी म्हणालात, मी देणार.

हंगाम सुरू व्हायच्या आत तुम्ही आजारी पडलात. सांगलीला मी भेटायला आलो तेव्हा तुमच्या बहिणीनं दारातच सांगितलं, फार बोलायला लावू नका. मी मोसंबी घेऊन स्टुलावर बसलो आणि बागांचं, पाण्याचं काहीबाही सांगत राहिलो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोप लागली.

"धुरीची खोली," तुम्ही म्हणालात.

"राहू द्या बाई, ते नंतर."

"खोलीत रॅक लावले. मधे पाटीत गंधक पेटवला. मग दार कोण लावणार?"

"अन्वर लावंल."

"पेटवून तो बाहेर येईपर्यंत त्याच्या डोळ्यांचं, छातीचं काय? ते तुझ्या पद्धतीत सांगितलेलं नाहीस."

तुम्ही डोळे उघडलेत. तुम्हाला धुरी मुळातच मान्य नव्हती, हे मला माहीत होतं. तुम्हाला मला अडवायचं असतं तर हा प्रश्न पुरेसा होता. पण तुम्ही तो लिंबाखालच्यासारखाच विचारत होता, उद्या सकाळी उठून तुम्हालाच ते दार लावायचं असल्यासारखा.

"विचार करून सांग," तुम्ही म्हणालात. "मला ती शेड चालवायचीय."

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. माणूस एवढ्या दुखण्यात आपल्या विरुद्ध पक्षाची काळजी करतो, हे मला झेपत नव्हतं. अजून झेपत नाही.

उत्तर घेऊन येईपर्यंत तुम्ही गेला होता.

काल सभा संपल्यावर थोरात सर म्हणाले, "संपत, आता ते अदलाबदलीचं राहू दे. दोन्ही शेड तूच चालव." मी नाही म्हणालो. मध्येच बोललो, तुम्ही सांगितलं होतं तसं. म्हणालो, बाईंची शेड माझ्याकडे आहे, विनाधुरीची, ती मी चालवणार. माझ्या धुरीच्या शेडला दुसरा माणूस पाहिजे, आणि तो न पटणारा पाहिजे. सरांनाही धुरी पटत नाही, पण ते तसं बोलून दाखवत नाहीत. मग म्हणाले, "बरं. मी घेतो. सांग काय करायचं."

आज सकाळी मी त्यांना लिंबाखाली सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे, समजलं." आणि उठले.

एकही प्रश्न विचारला नाही त्यांनी, बाई. चांगले आहेत सर, मनापासून करतील. पण मी तिथेच बसून राहिलो. माझी पद्धत तपासली न जाताच निघून गेली होती. माझ्यापुढच्या शेडमध्ये तुमच्या चिंध्या हळूहळू उठत होत्या.

तर उत्तर असं आहे. गंधक आत पेटवायचाच नाही. खोलीच्या बाहेर, भिंतीला लागून विटांची छोटी चूल करायची. तिच्यावर झाकण, आणि धूर आत न्यायला भिंतीतून एक मातीचा पाइप, जमिनीलगत. रॅक लावून झाले की दार आधी लावून घ्यायचं, फटी ओल्या मातीनं लिंपायच्या, आणि मग बाहेरून चूल पेटवायची. म्हणजे दार लावणारा माणूस आणि धूर यांची गाठच पडत नाही. पेटवणाऱ्यानं वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. वारा कुठून आहे ते कळायला चुलीजवळ खांब पुरून त्याला एक चिंधी बांधायची. परवा मी आणि अन्वरनं चूल रचली. पाइप माधवनगरच्या कुंभाराकडून आणला.

दार उघडायच्या वेळचं अजून पक्कं झालेलं नाही. समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला एक झडप ठेवावी, बाहेरून दोरीनं उघडता येईल अशी, आणि सगळा धूर निघून गेल्यावरच दाराला हात लावावा, असं माझ्या मनात आहे.

एवढं आहे, बाई. मी थांबलोय. खिडकीजवळची खुर्ची अन्वरनं हलवलेली नाही. तुम्ही चष्मा पुसून घ्या, आणि विचारा.